‘मुखत्यारपत्र आहे, मग कसली चिंता?’

नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं कळलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘वहिनी, मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून घ्या, पुढे सगळं तुमच्या सहीनं चालेल.’ सल्ला मनापासूनचा असतो, पण अर्धाच खरा.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही साधारणपणे संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद जपून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निकामी! परदेशात क्षमता गेल्यावरही टिकणारी मुखत्यारपत्रं असतात. बहुधा तिथूनच हा समज आला असावा.

‘मी बायको आहे ना’ हेही पुरत नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचा फ्लॅट पत्नीला तिच्या सहीनं विकता येत नाही. मग उच्च न्यायालयात जाऊन नवऱ्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली असे आदेश दिले आहेत, पण त्यात वेळ आणि पैसा जातो.

निदान झालं म्हणजे सहीचा हक्क लगेच गेला, असंही नाही. सुरुवातीच्या काळात समज शाबूत असेल तर मृत्युपत्र करता येतं. त्याच सुमारास समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ असं करावं. मुदत ठेवीचं मात्र वेगळं विचारा, मुदतीआधी मोडायला बँका बहुधा दोघांच्या सह्या मागतात.