कौंडिण्य (शिवलेले जहाज)

आयएनएसव्ही कौंडिण्य हे भारतीय नौदलाचे शिडाचे लाकडी जहाज. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्य या आख्यायिकेतील नाविकाचे नाव त्याला दिले आहे.

शिवणाऱ्या कारागिराचे काम फळीच्या कडेने ओळीत भोके पाडण्यापासून सुरू होते. दोन फळ्यांच्या कडा भिडवून सांध्यावर नारळाच्या सोडणाची वळी बसवतात, तिच्यावरून दोरी आरपार ओवून आवळतात आणि भोके बुजवून राळेचा लेप देतात. आधी फळ्यांचे कवच उभे राहते, आतल्या फासळ्या मागाहून बसतात. अशी शिवण लाटेच्या दणक्यात थोडी लवते, म्हणून सांधा सहसा उकलत नाही. दोरी मात्र कुजते, तिची निगा राखावी लागते. अरबी समुद्रात शतकानुशतके अशीच जहाजे चालत. होर्मुझला ती पाहून मार्को पोलोने त्यांना धोकादायक ठरवले होते. लोखंडी खिळ्यांची बांधणी रुळल्यावर ही विद्या मागे पडली, तरी केरळातल्या होड्यांत टिकून राहिली. १९८० साली ओमानमध्ये बांधलेल्या ‘सोहार’ या शिवलेल्या जहाजाचे लाकूडही मलबारचेच होते.

कौंडिण्यची आखणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातील जहाजावरून झाली. चित्र म्हणजे नकाशा नव्हे. तळाचा आकार, फळीची जाडी, वजनाचा तोल यांतले काहीच भिंतीवर नाही. ते आयआयटी मद्रासमधल्या चाचण्यांतून आणि कारागिरांच्या अनुभवातून ठरवावे लागले. त्यामुळे या जहाजाला हुबेहूब प्रतिकृती म्हणण्यापेक्षा अभ्यासपूर्ण पुनर्रचना म्हणणे योग्य. या प्रकल्पाचे खरे मोलही जहाजाइतकेच, किंबहुना जास्त, शिवणाऱ्या हातांना पुन्हा मोठे काम मिळाले यात आहे.

हे जहाज बांधण्यासाठी संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही जहाजबांधणी कंपनी यांचा करार जुलै २०२३ मध्ये झाला. शिवलेल्या जहाजांचे मुख्य कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी गोव्यात ते बांधले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून, इंजिनाशिवाय, १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले.