शरीररचनेच्या अध्यापनातील सोनोग्राफी

जिवंत माणसाच्या शरीराची आतली रचना श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीच्या साहाय्याने पडद्यावर दाखवून वैद्यकीय, परिचर्या व फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत. शवविच्छेदनाला ती पर्याय नाही, पूरक आहे. फॉर्मॅलिनमध्ये (देह टिकवणाऱ्या द्रावणात) मुरलेल्या देहात नीला चपट्या होतात, स्नायू ताठरतात. नाडी आणि श्वास तर नसतातच. नेमके तेवढेच सोनोग्राफी दाखवते.

ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये या तंत्राचे वैद्यकीय उपयोग मांडले. शरीररचनेच्या वर्गात ते पुष्कळ उशिरा आले : जर्मनीतील हॅनोव्हर येथील प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तर साउथ कॅरोलायना विद्यापीठाने २००६ पासून पूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रमात सोनोग्राफी गुंफली.

मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढते. वारंवारता वाढवली की चित्र रेखीव होते, पण खोलवरचे दिसेनासे होते. म्हणून मान-मनगटाला जास्त वारंवारतेचा, सपाट तोंडाचा प्रोब (अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग) आणि पोटाला कमी वारंवारतेचा, वक्र. द्रव काळा दिसतो. हाडाची कड पांढरी आणि मागे काळी सावली.

पहिला धडा मानेचा घ्यावा. थायरॉइडच्या बाजूला दोन काळी वर्तुळे दिसतात. प्रोब हलकेच दाबला की एक मिटते, ती नीला. दुसरे गोलच राहून ठोके देते, ती धमनी. मग ज्याच्या मानेवर प्रोब आहे त्या मित्राला नाक-तोंड बंद करून कुंथायला सांगावे : नीला फुगते. पित्ताशयासाठी उपाशी विद्यार्थी लागतो. मिसळ हाणून आलेल्याचे पित्ताशय आकसलेले असते, आणि तोही धडाच. नवशिक्याला सर्वांत छळते ती दिशा, कारण पडद्याची डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी. स्नायुबंधावर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) प्रोब जरा तिरका झाला तरी स्नायुबंध काळा पडतो आणि फाटल्यासारखा भासतो.

पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) यांसारख्या जुन्या संस्था आहेत. विच्छेदनासाठी देह मिळण्याची कायदेशीर वाट मुंबई प्रांताच्या १९४९ च्या ॲनॅटमी ॲक्टने घालून दिली. सोनोग्राफी यंत्राची वाट मात्र दुसऱ्या कायद्यातून जाते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला. नोंदणी नसलेल्या ठिकाणाला यंत्र विकता येत नाही आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी लावावीच लागते. सुटसुटीत यंत्रेही नोंदणीच्या जागेशी बांधलेली असतात. त्यामुळे खिशात मावणारा प्रोब मोबाइलला जोडून कुठल्याही वर्गात नेण्याची परदेशी पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येत नाही. ही अडचण खरी आहे, पण तिचे कारण यंत्राच्या गैरवापराच्या इतिहासात आहे. तिला नुसती लालफीत म्हणणे अन्यायाचे ठरेल.

विद्यार्थी बहुधा एकमेकांवरच सराव करतात. संमती ऐच्छिक हवी, शिक्षकाच्या भिडेखातर दिलेली नको. विद्यार्थिनींचे ओटीपोट सरावातून वगळणेच शहाणपणाचे. कधी एखाद्या धडधाकट मुलाच्या पित्ताशयात अनपेक्षितपणे खडा दिसतो. तेव्हा वर्गात चर्चा न करता त्याला एकट्याला सांगून क्ष-किरणतज्ज्ञाकडे पाठवतात. सरावातले चित्र हा रिपोर्ट नव्हे.