जीपीएस मुद्दाम चुकवला जातो का?

‘हातातला जीपीएस शंभर मीटर चुकणारच, अचूक संकेत अमेरिका लष्करासाठी राखून ठेवते,’ हे अजूनही ऐकू येतं. २००० सालापर्यंत ते खरं होतं. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेने ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. ३ मे रोजी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जीपीएसने लपवलेल्या वस्तू शोधायच्या खेळाचा, म्हणजे जिओकॅशिंगचा, जन्म तो! शंभर मीटरच्या चुकीत ती बादली कुणाला सापडली असती?

आज मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्रही पाचेक मीटरपर्यंत नेतं. कड्याखाली मात्र संकेत खडकावर आपटून उशिरा पोहोचतो आणि जागा भरकटते. म्हणून रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणांचे संकेतही पकडणारं यंत्र घ्या, आणि क्षणभर थांबून आकडा स्थिरावू द्या.