क्रॅटकी की डीडब्ल्यूसी? डबा तोच, पाण्याचा हिशेब वेगळा

मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर रोपं वाढवण्याच्या (हायड्रोपोनिक्सच्या) दोन पद्धतींचे दोन डबे ग्रो लाइटखाली, म्हणजे रोपांसाठीच्या दिव्याखाली, शेजारी शेजारी ठेवलेत असं समजा. दोन्ही काळे, दोन्हींच्या झाकणाला भोक, भोकात नेट पॉट, म्हणजे छोटी जाळीदार कुंडी, आणि त्यात लेट्यूसचं रोप. झाकण उचललं तर दोन्हींत मुळं खाली पाण्यात सोडलेली. फरक दिसतो तो एवढाच, की एका डब्यातून बारीक नळी निघून एअर पंपाला गेली आहे. साहजिकच मनात समीकरण बसतं: पंप असला की डीप वॉटर कल्चर, म्हणजे डीडब्ल्यूसी, आणि पंप काढला की क्रॅटकी. क्रॅटकीला सरळ 'बिनपंपाचं डीडब्ल्यूसी' म्हणणारेही पुष्कळ आहेत.

मीही तेच म्हणायचो. एकदा क्रॅटकीच्या डब्यात बेसिलचं रोप तीनेक आठवडे मस्त वाढलं. पाणी निम्म्याच्याही खाली गेलेलं दिसलं, म्हणून मी मोठ्या काळजीने डबा पुन्हा गळ्यापर्यंत भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोपाने मान टाकली. कोमेजल्यासारखं दिसतंय म्हणजे तहानलंय, असं वाटून आणखी थोडं पाणी घातलं! चौथ्या दिवशी झाकण उचललं तेव्हा वरची मुळं तपकिरी आणि हाताला बुळबुळीत लागली, वासही कुजका. भरल्या डब्यात रोप गुदमरलं होतं. मुळांना ऑक्सिजन मिळाला नाही तर त्यांना पाणीही नीट ओढता येत नाही, म्हणून बुडालेलं रोप हुबेहूब तहानलेल्या रोपासारखं दिसतं.

गोम पंपात नाही, मुळं श्वास कुठे घेतात यात आहे. लिटरभर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. लिटरभर पाण्यात २० अंश सेल्सिअसला फार तर ९ मिलिग्रॅम विरघळतो, आणि पाणी ३० अंशांवर गेलं की ७.५ च्या आसपास. वर आणखी अडचण अशी, की स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे मुळं आपल्या भोवतीचं पाणी बघता बघता रिकामं करतात आणि नवा ऑक्सिजन तिथवर वेळेत पोचत नाही. यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. हवा पाण्यात आणायची, नाहीतर मुळं हवेत ठेवायची.

डीडब्ल्यूसी पहिली वाट धरतं. पंप नळीतून हवा ढकलतो, तळातल्या एअर स्टोनमधून, म्हणजे सच्छिद्र दगडातून, बुडबुडे निघतात, पाणी सतत ढवळलं जातं आणि ऑक्सिजन पुन्हा पुन्हा विरघळत राहतो. मग मुळं दिवसरात्र बुडलेली असली तरी बिघडत नाही. पातळी रोज तीच ठेवायची, घटेल तेवढं भरायचं.

दुसरी वाट हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. न फिरवलेल्या पाण्यावर लेट्यूस कसं घ्यायचं, हे त्यांनी २००९ च्या एका लेखात सविस्तर मांडलं आहे. सुरुवातीला पाणी नेट पॉटच्या बुडाला जेमतेम लागेल एवढं भरायचं आणि मग हात लावायचा नाही. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते आणि झाकण नि पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत लोंबणारी मुळं वेगळीच दिसतात: आखूड, दाट फांद्यांची, बारीक लव असलेली. ती ऑक्सिजन घेतात, खालची लांब मुळं पाणी आणि पोषण ओढतात. म्हणजे क्रॅटकीत उतरणारी पातळी हीच पंपाचं काम करत असते. मी डबा गळ्यापर्यंत भरला तेव्हा खरं तर रोपाचा पंपच बंद केला होता.

क्रॅटकीत पाणी अजिबात घालायचं नाही असं मात्र नाही. छोट्या डब्यात रोप मोठं झालं की घालावंच लागतं. पण हवेतली मुळं हवेतच राहिली पाहिजेत. तळाशी थोडंसं घालायचं, मुळांचा वरचा अर्धा भाग तरी पाण्याबाहेरच ठेवायचा.

वीज गेली की दोघांचे स्वभाव उघडे पडतात. क्रॅटकीच्या डब्याला त्याचा पत्ताही लागत नाही, दिवा बंद झाला एवढंच. डीडब्ल्यूसीत बुडबुडे थांबतात आणि पाणी कोमट असेल तर काही तासांतच मुळांची घुसमट सुरू होते. कोमट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात मुळकूज घडवणारं पिथियम फोफावतं, तो धोका वेगळाच. पंप बंद पडला आणि लवकर सुरू होणार नसेल, तर डब्यातलं थोडं पाणी उपसून टाका. वरची मुळं उघडी पडतात आणि तात्पुरती का होईना, हवा मिळते. संकटापुरती क्रॅटकीचीच युक्ती उसनी घ्यायची. आणखी एक बारीक गोष्ट: पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर तो थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येऊ शकतं. पंप वर ठेवा, नाहीतर नळीत एकेरी झडप बसवा.

खताच्या बाबतीतही एकाचा सल्ला दुसऱ्याला चालत नाही. डीडब्ल्यूसीत तुम्ही रोज डोकावता, पीएच (आम्लता) आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज) मोजता, पाणी घालता आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळं द्रावण बदलता. चूक झाली तरी दुरुस्त करायला वाव असतो. क्रॅटकीत पहिल्या दिवशी ओतलेलं द्रावणच शेवटपर्यंत पुरवायचं असतं. प्रकाश जोरात असेल तर रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त वेगाने पितं आणि उरलेलं द्रावण घट्ट होत जातं. म्हणून सुरुवात सौम्य करावी. लेट्यूसला ईसी १ ते १.५ mS/cm आणि पीएच ५.५ ते ६.५ ठेवला की पीक सहसा सुखरूप निघतं.

दिव्याचं गणित दोन्हीकडे सारखंच. पालेभाज्यांना रोज १४ ते १६ तास प्रकाश, डबा मात्र पूर्ण अपारदर्शक. उजेड आत शिरला की शेवाळ धरतंच.

कुणासाठी काय? लेट्यूस, पालक, कोथिंबीर अशी महिना-दीड महिन्यात काढून मोकळी होणारी पिकं असतील तर मी डोळे मिटून क्रॅटकी म्हणेन. एका लेट्यूसला तीन-चार लिटरचा डबा पुरतो, शिवाय रात्री पंपाची घरघर नाही आणि फुटलेल्या बुडबुड्यांनी झाकणावर क्षारांची पांढरी पुटंही चढत नाहीत. टोमॅटो, मिरची, काकडीचं तसं नाही. ही झाडं महिनोन्महिने उभी असतात आणि फळं धरल्यावर एवढं पाणी पितात, की क्रॅटकीला भलीमोठी टाकी लागेल. तिथे डीडब्ल्यूसी बरं. बेसिल आणि पुदिना अधेमध्ये बसतात. खुडत राहिलात तर ती महिनोन्महिने चालतात, आणि मग क्रॅटकीची 'भरा आणि विसरा' ही ख्याती तेवढी खरी उरत नाही.

सगळ्यात वाईट गत होते ती अर्धवटांची. पंप आहे पण दिवसातून दोन तासच लावायचा, किंवा पंप नाही पण पाणी रोज काठोकाठ. अशा डब्यात मुळांना धड पाण्यातून ऑक्सिजन मिळत नाही, धड हवेतून.

बेसिल गेल्यापासून मी डब्यांवर मार्करने रेघा मारतो. डीडब्ल्यूसीच्या डब्यावर एकच रेघ, पाणी कायम तिथवर. क्रॅटकीच्या डब्यावर दोन: वरची पहिल्या दिवसापुरती, आणि डब्याच्या निम्म्याखाली दुसरी. हवेतली मुळं फुटली की त्या खालच्या रेघेवर पाणी चढू द्यायचं नाही.