वाळूच्या दांड्यावरची गावे आणि १९९८ ची त्सुनामी

१७ जुलै १९९८ रोजी संध्याकाळी सातच्या थोडे आधी पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याला सुमारे ७ क्षमतेच्या भूकंपाचा हादरा बसला. या किनाऱ्याला भूकंप नवे नव्हते. समुद्राकडून मोठा गडगडाट ऐकू आला तेव्हा काही जण काय झाले ते पाहण्यासाठी पुळणीकडे गेले. त्यानंतर अवघ्या काही मिनिटांत दहा ते पंधरा मीटर उंचीच्या लाटांनी अरोप आणि वारापू ही गावे पुसून टाकली. आसपासच्या किनाऱ्यावर मिळून सुमारे २,२०० माणसे मरण पावली.

या क्षमतेच्या भूकंपाने एवढ्या उंच लाटा उठाव्यात, हे शास्त्रज्ञांना पटेना. पुढे सागरतळाचे सर्वेक्षण झाले तेव्हा किनाऱ्यासमोरच्या खोल पाण्यात गाळाचा प्रचंड भाग खचल्याच्या खुणा सापडल्या, आणि भूकंपानंतर झालेल्या या घसरणीनेच पाणी उसळले असावे, हे स्पष्टीकरण आता बहुतेकांना मान्य आहे.

तथापि, लाटेची उंची हे मृत्यूंचे अर्धेच कारण म्हणावे लागेल. ही गावे सिसानो खाजण (समुद्रालगतचे उथळ पाण्याचे सरोवर) आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद, सखल वाळूच्या दांड्यावर वसलेली होती. पुढे समुद्र, मागे खाजण, आणि चढून जाण्यासारखी टेकडी जवळपास नाही. म्हणजे धोका वेळीच ओळखणाऱ्यालाही पळण्यासाठी दिशा उरली नव्हती. (हे खाजणही १९०७ च्या भूकंपात जमीन खचून तयार झालेले.) लाटेने घरांसह माणसांना खाजणात फेकले. मृतांत मुले आणि वृद्ध अधिक होते, कारण वाहत्या ओंडक्यांमधून पोहून निघणे किंवा झाडाला घट्ट धरून राहणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

वाचलेल्यांचे हाल पाणी ओसरल्यावरही संपले नाहीत. अस्थिभंग झालेल्या, वाळू आणि घाण शिरलेल्या जखमा उपचार मिळेपर्यंत चिघळल्या, अनेकांच्या जखमांत कोथ (गँगरीन, म्हणजे मांस कुजणे) पसरला आणि हातपाय कापावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने वानिमो येथे फिरते रुग्णालय उभारले, परंतु रस्त्यांचा अभाव असलेल्या या भागात जखमींना तिथवर पोहोचवणे हेच मोठे काम होते.

हजारो विस्थापितांना पुढे किनाऱ्यापासून आत, उंचावर वसवण्यात आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचे खाजण त्यामुळे दूर गेले, शिवाय या देशात बहुतेक जमीन परंपरेने कुळांच्या मालकीची असल्याने नव्या वस्तीसाठी दुसऱ्यांच्या जमिनीवर अवलंबून राहणे भाग पडले.