मराठवाड्यातील टीआरपी आणि समलिंगी पात्रे

मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची, कोणते पात्र वाढवायचे आणि कोणते कापायचे, हे वाहिन्या प्रामुख्याने टीआरपी पाहून ठरवतात. गे किंवा लेस्बियन पात्राचा विषय निघाला की ‘गावाकडच्या प्रेक्षकाला हे चालणार नाही’ हे कारण हमखास पुढे येते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांचा मराठवाडा त्या ‘गावाकडच्या’ प्रेक्षकात आपोआप धरला जातो. त्याला विचारतो मात्र कोण?

दूरदर्शनच्या काळात हा प्रश्न नव्हता. म्हैसमाळ आणि अंबाजोगाईच्या मनोऱ्यांवरून जे प्रक्षेपित होईल ते घरोघर बघितले जाई. पुढे केबल आली, पत्र्यांवर आणि गच्च्यांवर छत्र्या बसल्या, आणि पाहणाऱ्याला निवड मिळाली. ती निवड मोजण्याचे काम २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था करते. आधीची मोजणी मुख्यतः शहरांपुरती होती. ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडेही येऊ लागले. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरे साधारण २१ कोटी होती, तर मोजणीयंत्र बसवलेली घरे सुमारे ४४ हजार. ही घरे गुप्त ठेवली जातात. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, यंत्र ती ओळखते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे एक बटण असते. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे.

या बटणापाशी जरा थांबले पाहिजे. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत टीव्ही एकच, तोही बैठकीच्या खोलीत. संध्याकाळी सातच्या मालिकेला आजी खाटेवर, आई भाजी निवडत खाली, वडील नुकतेच शेतातून किंवा दुकानातून आलेले, मुले अभ्यासाचे पुस्तक मांडीवर घेऊन. रिमोट बहुधा वडिलांच्या किंवा आजीच्या हाताशी. अशा खोलीत सगळ्यांची बटणे दाबलेली असली तरी आकड्यात उतरते ती सगळ्यांच्या देखत बघता येईल एवढीच आवड. अठरा वर्षांच्या मुलाला दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट पाहावीशी वाटली, तर तो ती या खोलीत लावणार नाही. मोबाइलवर, कानात हेडफोन घालून बघेल, आणि ते पाहणे टीव्हीच्या टीआरपीत धरले जात नाही.

दुसरी अडचण आकडे जाहीर होण्याच्या पद्धतीत आहे. मराठी वाहिन्यांची जी साप्ताहिक क्रमवारी सर्वांसमोर येते ती महाराष्ट्र-गोवा या एकत्रित बाजाराची असते. त्यात लातूरचा प्रेक्षक आणि ठाण्याचा प्रेक्षक एकाच बेरजेत असतात. त्यावरून मराठवाड्याची नापसंती सांगणे हा निव्वळ अंदाज होय. शिवाय टीआरपी जे दाखवले गेले त्याचेच मोजमाप देतो. जे पात्र पडद्यावर आलेच नाही, त्याला लोकांनी नाकारले असे कोणत्याही आकड्यातून सिद्ध होत नाही.

निर्णय फिरवणारी दुसरी शक्ती म्हणजे जाहिरातदार. अमेरिकेत ३० एप्रिल १९९७ रोजी ‘एलेन’ या मालिकेची नायिका आपण समलिंगी असल्याचे उघड सांगते, तो भाग सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. तरीही काही मोठ्या कंपन्यांनी त्यात जाहिरात दिली नाही, अलाबामातील एका स्थानिक केंद्राने तो दाखवलाच नाही, आणि पुढच्या हंगामात प्रेक्षक घटल्यावर १९९८ मध्ये मालिका बंद झाली. त्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर सुरू झालेली, गे वकील मध्यवर्ती असलेली ‘विल अँड ग्रेस’ २००६ पर्यंत चालली. एका मालिकेच्या अपयशावरून विषयाला दोष देणे किती घाईचे असते, ते यावरून दिसते. हिंदीत स्टार प्लसच्या ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ (२०१०) या कौटुंबिक मालिकेत गे नवऱ्याचे पात्र होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये करवा चौथ साजरी करणाऱ्या दोन स्त्रियांची डाबरची जाहिरात मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिल्यावर मागे घेतली गेली. तिथे टीआरपीचा संबंधच नव्हता, भीती पुरेशी ठरली.

मराठी नाटकाने हा विषय ‘मित्राची गोष्ट’मध्ये १९८१ सालीच हाताळला. मराठी चित्रपट ‘साबर बोंडं’ याला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातली दोन पुरुषांची जवळीक गावातच, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात फुलते. दैनंदिन मालिकांत मात्र अशा पात्राला मध्यवर्ती जागा मिळणे दुर्मीळ. तिथे जास्त दिसतो तो विनोदी कार्यक्रमातला लचकत चालणारा पुरुष. दुसऱ्या दिवशी शाळेत तीच नक्कल एखाद्या मऊ बोलणाऱ्या मुलाच्या मागे लागते, ‘बायल्या’ हाकेसह. आकड्यांत हा परिणाम कुठेच नोंदला जात नाही, आणि तोच सर्वांत खोल जातो.

लोकांची मते स्थिर नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. प्यू या अमेरिकी संस्थेच्या २०२३ मधील पाहणीत भारतातल्या ५३ टक्के प्रौढांनी अशा विवाहाला कायदेशीर मान्यता असावी असे सांगितले. ही संख्या देशाची आहे, ती मराठवाड्याच्या नावावर मांडता येणार नाही.

प्रदेशाचे स्वतःचे अनुभवही आहेत. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आणि तुळजापूरच्या नवरात्रात लुगडे नेसलेल्या, देवीला वाहिलेल्या पुरुषांच्या पाया पडणारी माणसे याच गावांतली आहेत. बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाने २०१८ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. वृत्तवाहिन्यांनी ती बातमी घराघरांत नेली. लिंगओळख आणि लैंगिक कल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देवीच्या अंगणातला मान घरातल्या मुलाला मिळतोच असे नाही. तरी हे पाहिलेला प्रेक्षक मालिकेतला समलिंगी मुलगा पाहून रिमोट उचलेलच, हे वाहिन्यांनी धरून चालण्याला आधार नाही. त्याच्यासमोर तो मुलगा एकदा माणसासारखा उभा करावा लागेल, सातच्या मालिकेत, घरातली सगळी बसलेली असताना.