अमेरिकेच्या नौजप्ती अपील न्यायालयाचे दप्तर (१७७६–८७)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात समुद्रावर पकडलेल्या जहाजांविषयी आणि त्यांवरील मालाविषयी वसाहतींच्या, म्हणजेच पुढील राज्यांच्या, न्यायालयांनी दिलेल्या निकालांवर काँग्रेसकडे (वसाहतींच्या संयुक्त प्रतिनिधिसभेकडे) जी अपिले झाली, त्यांच्या कागदपत्रांचा हा संग्रह आहे. तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वोच्च न्यायालयाच्या अभिलेखगटात ठेवलेला असून त्याच्या सूक्ष्मपटाची (मायक्रोफिल्मची) १५ रिळे अभ्यासकांसाठी काढण्यात आली आहेत. दप्तर ज्या न्यायालयाच्या नावाने ओळखले जाते ते १७८० मध्ये स्थापन झाले. दप्तराचा आरंभ मात्र १७७६ पासून आहे. ही चार वर्षांची तफावत नजरचुकीची नव्हे. न्यायालयाच्या स्वरूपाविषयीचा जुना वाद तिच्यातूनच उद्भवतो.

पकडलेले जहाज शत्रूचेच होते की तटस्थ अथवा स्वकीय व्यापाऱ्याचे, आणि शत्रूचे असल्यास विक्रीच्या रकमेत कोणाचा किती वाटा, हे न्यायालयात ठरल्याशिवाय पकडणाऱ्याला मालकी मिळत नसे. ब्रिटिश अमलात हे काम वसाहतींतील उपनौदल न्यायालये करीत आणि तेथे ज्यूरी नसे. युद्धाला तोंड लागल्यावर ती व्यवस्था मोडली. काँग्रेसच्या अधिकाराने एखादे न्यायालय नेमावे, असे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षांना पत्राने सुचविले. काँग्रेसने २५ नोव्हेंबर १७७५ रोजी केलेला ठराव यापेक्षा सावध होता. पहिली सुनावणी वसाहतींनीच आपापल्या न्यायालयांत ज्यूरीपुढे करावी आणि अपील तेवढे काँग्रेसकडे यावे, असे त्यात ठरले. निकालानंतर पाच दिवसांत अपिलाची मागणी करणे, त्यानंतर चाळीस दिवसांत ते काँग्रेसच्या सचिवाकडे दाखल करणे आणि ते शेवटपर्यंत चालविण्याबद्दल जामीन देणे, अशा अटी होत्या. दप्तरातील अनेक प्रकरणांत मूळ वादापेक्षा या मुदती पाळल्या गेल्या की नाही यावरच अधिक कागद खर्ची पडलेला दिसतो.

आरंभी प्रत्येक अपिलासाठी काँग्रेस-सदस्यांची वेगळी समिती नेमली जाई. ३० जानेवारी १७७७ रोजी पाच सदस्यांची स्थायी समिती नेमण्यात आली. १५ जानेवारी १७८० च्या ठरावाने तीन न्यायाधीशांचे न्यायालय स्थापन झाले आणि तेथील सुनावणी राष्ट्रांच्या रूढीनुसार, ज्यूरीशिवाय, व्हावी असे ठरले. ‘कोर्ट ऑफ अपील्स इन केसेस ऑफ कॅप्चर’ हे नाव त्याच वर्षी मे महिन्यात निश्चित झाले. न्यायालयाची बैठक पूर्वेस हार्टफर्डच्या आणि दक्षिणेस विल्यम्सबर्गच्या पलीकडे भरू नये, अशी मर्यादाही घालण्यात आली. जॉर्ज विथ यांनी नेमणूक नाकारल्यामुळे सायरस ग्रिफिन यांना घेण्यात आले. विल्यम पाका व टायटस हॉस्मर हे अन्य दोन न्यायाधीश होत. हॉस्मर त्याच वर्षी वारले आणि पाका पुढे मेरिलंडचे गव्हर्नर झाले. रिकाम्या जागांवर १७८२ च्या अखेरीस जॉर्ज रीड व जॉन लोवेल यांची निवड झाली.

या न्यायालयाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा, आणि त्याला संघराज्याचे पहिले न्यायालय म्हणावे काय, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार समित्या व न्यायालय ही एकाच अधिकाराची दोन रूपे होती. कारण प्रकरणांचा क्रम अखंड राहिला आणि समितीपुढे अनिर्णित राहिलेली अपिले जशीच्या तशी न्यायालयाकडे गेली. दुसऱ्या मतानुसार समितीचे सदस्य हे राजकीय प्रतिनिधी होते, त्यांची सदस्यता वारंवार बदले, आणि ज्या राज्याच्या निकालावर अपील आले त्याच राज्याशी त्यांचे हितसंबंध असू शकत. म्हणून त्यांना न्यायालय म्हणता येत नाही. राज्यसंघाच्या कलमांतील (संविधानापूर्वीच्या संघाच्या लिखित करारातील) नवव्या कलमाने असे अपील न्यायालय स्थापण्याचा अधिकार काँग्रेसला देताना काँग्रेसचा कोणताही सदस्य तेथे न्यायाधीश होऊ नये, अशी अट घातली. यावरून ही अडचण त्या काळच्या लोकांनाही जाणवत होती असे दिसते. येथे आणखी एक गुंता आहे. ती कलमे १ मार्च १७८१ रोजी अमलात आली आणि न्यायालय त्यापूर्वी वर्षभर काम करीत होते. तेव्हा त्याचा आधार लिखित कलम नव्हे, तर युद्ध चालविण्याचा काँग्रेसचा सर्वसाधारण अधिकार मानावा लागतो. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहाच्या परिशिष्टात जे. सी. बँक्रॉफ्ट डेव्हिस यांनी या दप्तराचा पहिला पद्धतशीर गोषवारा दिला. त्यात समित्या आणि न्यायालय यांची गणना वेगळी केली असली, तरी यादी एकच आहे. १९७७ मधील एका विस्तृत अभ्यासाने ‘पहिले संघीय न्यायालय’ हेच विशेषण स्वीकारले. दप्तराची अखंडता पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘न्यायालय’ हा शब्द १७८० पूर्वीच्या समित्यांना काटेकोर अर्थाने लावू नये.

डेव्हिस यांच्या गणनेनुसार समित्यांपुढे ६४ अपिले आली. त्यांपैकी ४९ समित्यांनी निकालात काढली, ११ न्यायालयाकडे गेली आणि चारांचा मागमूस लागत नाही. न्यायालयापुढे आलेली ११ धरून एकूण ५६ अपिले होती व ती सर्व निकाली निघाली. म्हणजे वेगवेगळी प्रकरणे १०९ होतात.

प्रत्येक पुडक्याचा कणा म्हणजे राज्य न्यायालयाच्या कामकाजाची प्रमाणित नक्कल होय. तीत पकडणाऱ्याचा दावाअर्ज, मालकाची हरकत, साक्षीदारांचे जबाब, ज्यूरीचा निर्णय आणि अपिलाची मागणी असते. सोबत पुराव्यादाखल जहाजावरील मालाच्या पावत्या, हिशेब व खाजगी पत्रेही जोडलेली आढळतात. न्यायालयीन इतिहासापेक्षा अटलांटिक व्यापाराच्या इतिहासाला ही पत्रे अधिक उपयोगी आहेत. निकालपत्रे मात्र तुटपुंजी आहेत. खालचा निकाल कायम किंवा रद्द, खर्च कोणी द्यावा, इतकाच मजकूर बहुधा मिळतो आणि कारणे क्वचितच दिलेली असतात. अलेक्झांडर डॅलस यांच्या निर्णयसंग्रहाच्या दुसऱ्या खंडात काही मोजके निर्णय कारणांसह छापले गेले आहेत. डॉमिनिका बेटाच्या शरणागतीच्या अटींनी तेथील रहिवाशांच्या मालाला संरक्षण मिळते काय, या प्रश्नावरील ‘रेझोल्यूशन’ जहाजाचे प्रकरण त्यांपैकी एक आहे.

या कागदांना नंतर जे महत्त्व आले, ते दोन प्रकरणांमुळे. गिडियन ओल्मस्टेड व त्याचे तीन साथीदार यांनी १७७८ मध्ये ‘ॲक्टिव्ह’ या ब्रिटिश जहाजावर ताबा मिळविला. पेनसिल्व्हेनियाच्या सशस्त्र जहाजाने ते गाठून फिलाडेल्फियास आणले. ज्यूरीने ओल्मस्टेडच्या गटाला चौथाई वाटा दिला. समितीने डिसेंबर १७७८ मध्ये तो निकाल रद्द करून सर्व रक्कम त्यांना देवविली. परंतु ज्यूरीने ठरविलेल्या वस्तुस्थितीत अपिलात फेरबदल होऊ शकत नाही, या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून न्यायाधीश जॉर्ज रॉस यांनी आदेश मानला नाही. राज्याच्या वाट्याची रक्कम कोषाधिकारी डेव्हिड रिटनहाउस यांच्याकडे राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलींकडे आली. काँग्रेसने ६ मार्च १७७९ रोजी कायदा व वस्तुस्थिती या दोहोंवरील आपला अंतिम अधिकार ठरावाने जाहीर केला, पण पैसा हलला नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १८०९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निर्णयाने तो आदेश बजावण्यास भाग पाडले. तेव्हाही राज्याच्या शिबंदीने मुलींच्या घरापुढे पहारा देऊन आदेश बजावायला आलेल्या संघीय अधिकाऱ्याला (‘मार्शल’ला) काही काळ अडविले होते.

दुसरे प्रकरण एलिशा डोन यांच्या ‘लुसाना’ जहाजाचे. न्यू हॅम्पशायरमध्ये सज्ज केलेल्या खाजगी लढाऊ जहाजाने ते १७७७ मध्ये पकडले. त्या राज्याच्या कायद्याने काँग्रेसकडील अपिलाची वाट बरीच अरुंद केलेली होती. अपील न्यायालयाने सप्टेंबर १७८३ मध्ये मालकाच्या बाजूने निकाल दिला आणि १७९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंधनकारक ठरविला. संपुष्टात आलेल्या न्यायालयाचा आदेश नव्या संघीय न्यायालयांनी बजावता येतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

युद्ध संपल्यावर काम आटले आणि न्यायाधीशांचे वेतन बंद करून त्यांना कामापुरता दैनिक भत्ता ठेवण्यात आला. शेवटची बैठक मे १७८७ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. ८ मे १७९२ च्या अधिनियमाने हे दप्तर सर्वोच्च न्यायालयाच्या लिपिकाकडे ठेवण्यात आले आणि त्याने दिलेल्या नकलांना मूळ कागदांइतकीच पुराव्याची मान्यता देण्यात आली. या तरतुदीचा उपयोग केवळ जतनापुरता नव्हता. जुन्या निकालांवरील दावे तेव्हा चालूच होते, आणि ‘लुसाना’चे प्रकरण त्यानंतर तीनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले.